सोसायटीच्या अंगणातील झाड कोणाचे?

मृगाचा पाऊस जवळ आला की महाराष्ट्रातील शहरांत दरवर्षी एक ठराविक क्रम सुरू होतो. महानगरपालिकेची पत्रके निघतात, आवारातील धोकादायक फांद्या छाटून घेण्याच्या सूचना गृहनिर्माण संस्थांना दिल्या जातात, आणि ती सूचना संस्थेच्या फलकावर लागते न लागते तोच वर्षभर धुमसत राहिलेले वाद उफाळून येतात. पहिल्या मजल्यावरील सभासदाला खिडकीपुढचा गुलमोहर नकोसा झालेला असतो. त्याच गुलमोहराच्या सावलीमुळे तिसऱ्या मजल्यावरील सेवानिवृत्त गृहस्थांचा उन्हाळा सुसह्य होत असतो. तळमजल्यावरील कुटुंबाने भिंतीलगत जास्वंद, कर्दळ आणि तुळस लावून भोवती तारेचे कुंपण घातलेले असते. त्याच जागेवर मोटार उभी राहू शकते, हे दुसऱ्या कोणाच्या तरी ध्यानात आलेले असते. शेजारच्या संस्थेतील आंबा भिंत ओलांडून अलीकडे येतो आणि त्याचा पाचोळा पन्हळीत अडकून गच्चीवर पाणी साचते. फळे मात्र झाडाच्या मालकाला हवी असतात!

वरवर पाहता हे तंटे क्षुल्लक वाटतात. न्यायालये, विधिमंडळे आणि वृत्तपत्रे यांनी लक्ष घालावे असे त्यांत काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्या मध्यमवर्गीयाने आयुष्याची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज घालून दोन खोल्यांचे घर घेतले, त्याला शेजारी बदलता येत नाही. भाड्याच्या घरातील माणूस कंटाळला की बिऱ्हाड हलवू शकतो. मालकीच्या सदनिकेतील माणूस त्याच जिन्यावर, त्याच माणसाशी तीस वर्षे बांधलेला असतो. शिवाय झाड ही निर्जीव वस्तू नाही. निर्णय लांबला तर ते कोसळू शकते, आणि निर्णय घाईने झाला तर चाळीस वर्षांत वाढलेली सावली एका दुपारी नाहीशी होते. या तंट्यांचे मूळ झाडात नसून ‘सामाईक’ या शब्दाचा अर्थ बहुतेक संस्थांनी कधी निश्चितच केलेला नाही, यात आहे.

अंगणाकडून मोकळ्या जागेकडे

वाड्याला चौक होता आणि चाळीला अंगण होते. तेथे भांडणे नव्हती असे समजणे भाबडेपणाचे होईल. पाण्याच्या नळावरून होणारी भांडणे तर चाळीच्या संस्कृतीचा भागच होती. परंतु अंगणातील झाडावरून वाद झालाच तर त्याचा निवाडा करणारा एक घरमालक तेथे असे. त्याचा निवाडा न्याय्य असेलच असे नाही. तो अंतिम मात्र असे. सहकारी गृहनिर्माणाने हा घरमालक नाहीसा केला. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली, तेव्हापासून या चळवळीचे तत्त्व असे राहिले की राहणारेच मालक आणि मालकच व्यवस्थापक. तत्त्व उदात्त होते. मात्र घरमालकाबरोबर त्याचा निवाडाही गेला, आणि त्याच्या जागी जी सामुदायिक निर्णयशक्ती यावयास हवी होती ती सर्वत्र आली नाही.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. पुण्यातील जुन्या बंगल्यांच्या वसाहतींप्रमाणे काही संस्था भूखंडधारकांच्या असतात. तेथे प्रत्येकाची जमीन वेगळी, झाड वेगळे, आणि वाद दोन स्वतंत्र कुंपणांमधला असतो. सदनिकांच्या संस्थेत मात्र इमारतीभोवतीची इंचन्‌इंच जमीन सर्वांची असते. पहिल्या प्रकारात प्रश्न शेजारधर्माचा आणि दिवाणी हक्कांचा. दुसऱ्या प्रकारात तो संस्थेच्या कारभाराचा. या दोन्हींची गल्लत झाली की निम्मी भांडणे तेथेच जन्माला येतात.

एकाची बाग, सर्वांची जमीन

तळमजल्यावरील सभासदाची समजूत बहुधा अशी असते की खिडकीखालची जागा आपलीच. पुष्कळदा बांधकाम व्यावसायिकाने घर विकताना तसे तोंडी आश्वासन दिलेले असते, क्वचित करारनाम्यातही तशी ओळ घातलेली असते. कायद्याची दृष्टी निराळी आहे. नहालचंद लालूचंद कंपनी आणि पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्यातील दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले की वाहनतळासाठीची मोकळी वा खांबांवरील जागा ही स्वतंत्र सदनिकेसारखी विकता येत नाही. ती सामाईक असते. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने सामाईक क्षेत्राच्या व्याख्येत उद्याने, क्रीडांगणे आणि उघडे वाहनतळ यांचा निःसंदिग्ध उल्लेख केला. तात्पर्य, खिडकीखालची जास्वंद ज्याने लावली त्याचे श्रम निर्विवाद त्याचे. जमीन मात्र त्याची नाही.

तथापि हाच नियम उलट दिशेनेही लागू पडतो, आणि तिकडे सोयीस्कर डोळेझाक केली जाते. एकाला सामाईक जागा बळकावता येत नाही हे खरे; पण बहुमतालाही ती हवी तशी वापरता येत नाही. मंजूर नकाशात जी जागा बाग वा खेळाची मोकळी जागा म्हणून दाखविलेली असते, तिच्यावर वाहने उभी करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेने हात वर करून संमत केला, म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. गेल्या दोन-तीन दशकांत शहरांतील असंख्य आवारांमधून माती नाहीशी झाली आणि तिच्या जागी सिमेंटच्या विटा बसल्या. झाडांच्या बुंध्यापर्यंत फरशी आली. पावसाचे पाणी मुरण्यास जागा उरली नाही, मुळे गुदमरली आणि वरून हिरवे दिसणारे झाड खालून दुबळे झाले. दिल्लीतील अशाच प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडांभोवतीची किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. जे झाड वादळात पडले म्हणून निसर्गाला दोष दिला जातो, ते पुष्कळदा माणसाने आधीच पाडण्याच्या बेतात आणून ठेवलेले असते.

फांदीचा कायदा आणि झाडाचा कायदा

भिंत ओलांडून आलेल्या फांदीविषयी जुना न्याय सुस्पष्ट आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात निर्णय दिला की, आपल्या हद्दीत आलेली फांदी शेजाऱ्याने तोडण्यास हरकत नाही, त्यासाठी सूचना देण्याचीही गरज नाही. अट एवढीच की त्याने झाडाच्या मालकाच्या जमिनीवर पाऊल ठेवू नये. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयानेही, दुसऱ्याच्या जमिनीवर फांद्या पसरू देण्याचा हक्क केवळ दीर्घ वहिवाटीने प्राप्त होत नाही, असे मत दिले. पुढे १९१९ च्या एका इंग्रजी निर्णयाने हेही ठरविले की तोडलेल्या फांदीवरची फळे झाडाच्या मालकाचीच राहतात. फांदी तोडावी, आंबे परत द्यावेत, असा हा काटेकोर हिशेब होता.

हा न्याय दोन जमीनदारांच्या काळातला होता. झाड ही केवळ मालमत्ता आहे, तिच्याशी समाजाचा संबंध नाही, हे त्यात गृहीत धरलेले होते. महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम केला, आणि हे गृहीत मोडून टाकले. या कायद्यानुसार झाड कोणाच्याही आवारात असो, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही. अर्ज आल्यावर पाहणी होते, झाडावर जाहीर नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात. विशेष म्हणजे ‘झाड तोडणे’ या संज्ञेत ते जाळणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे यांचाही समावेश आहे. रात्रीच्या अंधारात मुळाशी आम्ल ओतणारा किंवा बुंध्याची साल सोलून झाड वाळविणारा माणूस शेजाऱ्याचाच नव्हे, कायद्याचाही अपराधी ठरतो. दंड आणि कारावास या दोन्हींची तरतूद कायद्यात आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने या कायद्याला आणखी एक परिमाण दिले. पन्नास किंवा अधिक वर्षे वयाच्या झाडाला आता ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळे संरक्षण आहे, आणि झाड तोडावे लागल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आहे. याचा अर्थ पुष्कळ सभासदांच्या अजून ध्यानात आलेला नाही. १९७०च्या आसपास वसलेल्या वसाहतींत पहिल्या रहिवाशांनी हौसेने लावलेली रोपे आता या वर्गात गेली आहेत. ज्यांनी ती लावली त्यांपैकी काहीजण अद्याप त्याच घरात राहतात. आणि आपण लावलेले झाड ‘प्राचीन’ झाले असून त्याच्यावर आपला अधिकार उरलेला नाही, हे त्यांना एखाद्या नोटिशीवरून समजते.

संरक्षणाचा हा कायदा आवश्यक आहे, यात शंका नाही. त्याची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूर येथे रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड धोकादायक असल्याची तक्रार रहिवाशांनी पूर्वीच केली होती व तोडण्याची परवानगी मिळाली नव्हती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. जीविताला धोका असलेल्या झाडाबाबत परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहेच. पण धोका आहे की नाही हे ठरविण्यास जाणकार दृष्टी लागते, आणि ती दृष्टी ना पालिकेकडे पुरेशी, ना संस्थेकडे. परिणामी एका टोकाला प्रत्येक फांदीत मृत्यू पाहणारा सभासद आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येक छाटणीत वृक्षहत्या पाहणारा सभासद, अशी संस्थेची दुफळी होते. दोघांच्याही भीतीला आधार असतो, म्हणूनच दोघांपैकी कोणी मागे हटत नाही.

चुकीच्या दारावरची रांग

अशा वादात माणसे जातात तरी कोठे? बहुतेक वेळा प्रथम पोलीस चौकीत, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे. पोलीस म्हणतात हा दिवाणी मामला, उपनिबंधक म्हणतात हा महापालिकेचा विषय, आणि महापालिका म्हणते आधी संस्थेचा ठराव आणा. या फेऱ्यांत वर्ष उलटते आणि मूळ फांदीपेक्षा फेऱ्यांचाच राग अधिक साचतो.

वस्तुतः शासनाने तयार केलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये कोणती तक्रार कोठे न्यावी याचा क्रम दिलेला आहे. सभासदाने प्रथम लेखी तक्रार संस्थेकडे करावयाची. व्यवस्थापक समितीने पुढील बैठकीत तिच्यावर निर्णय घेऊन तो पंधरा दिवसांत कळवावयाचा. त्याने समाधान झाले नाही तर तक्रारीच्या स्वरूपानुसार पुढची दारे वेगवेगळी. संस्थेच्या कारभारासंबंधीचा विवाद १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या ९१ व्या कलमाखाली सहकार न्यायालयात जातो. मंजूर नकाशाचा भंग किंवा झाडाची तोड हा महापालिकेचा विषय. धमकी वा मारहाण झाली तर पोलिसांचा. आणि दोन स्वतंत्र भूखंडधारकांच्या हद्दीचा वाद दिवाणी न्यायालयाचा. समिती दाद देत नसेल तर एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी करून विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यास भाग पाडता येते. हे अधिकार कागदावर आहेत. परंतु आपल्या संस्थेचे उपविधी एकदा तरी संपूर्ण वाचलेला सभासद विरळाच! शाळा-महाविद्यालयांतून संसदेची रचना शिकविली जाते, आणि ज्या लहानशा लोकसत्तेत माणूस प्रत्यक्ष राहतो तिचे नियम मात्र भांडणाच्या दिवशी प्रथम शोधले जातात.

न्यायालयाचे दार शेवटचे असावे, याचे कारण केवळ विलंब वा खर्च हे नाही. न्यायालय हक्क कोणाचा हे सांगू शकते. पाचोळा कोणी आणि कोणत्या दिवशी उचलावा हे सांगणे त्याचे काम नव्हे. शेजाऱ्यांच्या वादात नव्वद भाग हा दुसऱ्या प्रकारचा असतो. निकाल लागून एक पक्ष जिंकला तरी दुसऱ्या दिवशी जिन्यावर दोघांची गाठ पडणारच असते.

अमेरिकेतील हिरवळीचा धडा

हा प्रश्न केवळ येथील आहे असे नाही. अमेरिकेत घरमालकांच्या संघटना अंगणातील हिरवळ किती उंच असावी, कुंपणाला कोणती झुडपे लावावीत, येथपर्यंत नियम करतात. मेरीलँड राज्यातील कोलंबिया या नियोजित नगरात एका दांपत्याने हिरवळीऐवजी फुलपाखरे व मधमाश्या यांना उपकारक अशी स्थानिक झाडे वाढविली होती. शेजाऱ्याने तक्रार केली. २०१७ साली संघटनेच्या वकिलाचे पत्र आले की बाग काढून इतरांसारखे अंगण करावे. दांपत्य झुकले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२० च्या अखेरीस तडजोड होऊन बाग बहुतांशी टिकली. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून, पर्यावरणाला अनुकूल अशा बागांवर अवाजवी निर्बंध घालण्यास संघटनांना मनाई केली. फ्लॉरिडाने त्याआधी, २००९ साली, कमी पाणी लागणाऱ्या बागांना असेच संरक्षण दिले होते.

तेथील अंगण व्यक्तीचे आणि नियम समूहाचा. येथील अंगणच समूहाचे. हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही या प्रकरणातून दिसते ते असे की, बहुसंख्यांची आवड म्हणजे सार्वजनिक हित नव्हे, आणि एकसारखेपणा म्हणजे सुव्यवस्था नव्हे. मेरीलँडमधील एका शेजाऱ्याच्या तक्रारीतून राज्याचा कायदा बदलला, ही गोष्ट आशादायक खरी; परंतु तीन वर्षांचा मनस्ताप आणि वकिलांचा खर्च सोसण्याची शक्ती प्रत्येक घरात नसते.

भांडणापूर्वीचा ठराव

मग उपाय कोणता? तो नाट्यमय नाही. ज्या संस्थेत झाडांविषयीचा निर्णय भांडण होण्यापूर्वी, शांत डोक्याने आणि लेखी झालेला असतो, तेथे तंटा झाला तरी तो वाढत नाही. त्यासाठी आवारातील प्रत्येक झाडाची नोंदवही हवी: जात कोणती, वय अंदाजे किती, बुंध्याभोवती मोकळी माती आहे की नाही, मुळे पाण्याच्या टाकीच्या वा मलनिःसारण वाहिनीच्या किती जवळ आहेत. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष ही परदेशांतून आलेली, झपाट्याने वाढणारी झाडे शहरांतून विपुल आहेत. त्यांच्या फांद्यांकडे वेळीच लक्ष द्यावे लागते. भिंतीच्या फटीत उगवलेल्या पिंपळाचा प्रश्न तर निराळाच आहे. श्रद्धेपोटी त्याला हात लावण्यास कोणी धजत नाही आणि दहा वर्षांनी भिंत दुभंगते. असे रोप बोटभर असतानाच मुळासकट सोडवून, रीतसर परवानगी घेऊन मोकळ्या मातीत लावणे, यात श्रद्धाही राहते आणि भिंतही.

छाटणीचा महिना सर्वसाधारण सभेत ठरलेला असावा. अर्ज कोणी करावयाचा, खर्च कोणत्या निधीतून, हे वार्षिक अंदाजपत्रकात दिसावे. खासगी आवारातील झाडांची देखभाल ही त्या आवाराच्या मालकाची, म्हणजे संस्थेची जबाबदारी आहे. मे महिन्याच्या अखेरीस पालिकेच्या नावाने ओरड करून ती टळत नाही. तळमजल्यावरील बागेबाबतही ‘काढा’ आणि ‘राहू द्या’ या दोहोंच्या मधला मार्ग आहे. जमीन संस्थेची आहे हे सभासदाने लेखी मान्य करावे, कुंपण व कुलूप नसावे, कुंड्यांत पाणी साचून डास होणार नाहीत याची हमी द्यावी. संस्थेने त्याच्या श्रमाला वर्षावर्षाने मुदत वाढवून मान्यता द्यावी. झाडांवर प्रेम करणारा माणूस संस्थेला फुकट मिळालेला माळी असतो. त्याला अतिक्रमक ठरवून हाकलण्यात शहाणपणा नाही. त्याला मालक होऊ देण्यातही नाही.

एवढे करूनही वाद उरतील. त्यांसाठी २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात सामुदायिक मध्यस्थीची कल्पना मांडलेली आहे: वस्तीतील सलोखा बिघडविणाऱ्या तंट्यांत तीन मध्यस्थांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे. अशा तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नाही, हा तिचा उणेपणा आहे. पण सरकारी यंत्रणा उभी राहीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. शेजारच्या दोन संस्थांनी एकमेकींचे वाद ऐकण्यासाठी प्रत्येकी दोन-तीन निवृत्त, विश्वासू माणसे नेमून द्यावीत. स्वतःच्या इमारतीतील गटबाजीपासून दूर असलेला माणूस फांदीकडे फांदी म्हणूनच पाहू शकतो. शिक्षक, कारकून आणि बँकेतून निवृत्त झालेले कर्मचारी यांची प्रत्येक वसाहतीत वाण नाही, आणि त्यांना कागद वाचण्याची सवय असते.

दुबळी बाजू कोणती, याचे भान मात्र मध्यस्थांनी ठेवले पाहिजे. ज्याच्या पाठीशी समिती आहे, त्याला तडजोड सोपी जाते. ज्याचा स्वयंपाकघराचा उजेड झाडाने अडला आहे किंवा ज्या वृद्धेच्या खिडकीतील एकमेव हिरवळ तोडली जाणार आहे, तिला सभेत बोलण्याचे धैर्य नसते. हात वर करून मोजलेल्या मतांत तिचे मत एकच असते आणि नुकसान सर्व तिचे असते. सहकाराची कसोटी अशा प्रसंगी लागते.

सहकारी गृहनिर्माणाने माणसाला घर दिले. त्या घराबाहेरच्या चार हात मातीवर सर्वांनी मिळून निर्णय कसा घ्यावा, हे शिकण्यास शंभराहून अधिक वर्षे अपुरी पडली आहेत. यंदाच्या पावसापूर्वी ज्या संस्था नोंदवही उघडतील, झाडाच्या बुंध्याभोवतीची फरशी उखडतील आणि छाटणीचा अर्ज वेळेवर देतील, त्यांच्या अंगणातील झाडे उभी राहण्याची शक्यता अधिक आहे. शेजाऱ्यांचे बोलणेही बहुधा तेथेच चालू राहील.